त्रैराशिक: भाव, माप आणि किमतीचे गणित

पाऊण किलो तूरडाळ 120 रुपयांना मिळाली, तर दोन किलोला किती पडतील? हा प्रश्न शाळेतल्या वहीत असतो, तसाच वाण्याच्या दुकानातही असतो. तो सोडवायला गुणाकार-भागाकार पुरतात. तरी मुले चुकतात आणि मोठेही चुकतात, कारण कोणत्या आकड्याने गुणायचे आणि कोणत्याने भागायचे हेच नक्की होत नाही. आपल्याकडच्या गणितींनी यासाठी फार जुनी आणि सुरेख मांडणी दिली आहे. तिचे नाव त्रैराशिक.

तीन राशी, तीन नावे

आर्यभटाच्या 499 सालच्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात हा नियम आहे, आणि ब्रह्मगुप्ताने 628 साली तो पुन्हा स्पष्ट केला. माहीत असलेल्या तीन राशींना नावे आहेत: प्रमाण, फल आणि इच्छा. डाळीच्या उदाहरणात 750 ग्रॅम हे प्रमाण, त्याचे 120 रुपये हे फल आणि हवी असलेली दोन किलो ही इच्छा. ब्रह्मगुप्ताची अट अशी, की प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या हव्यात. फल वेगळ्या जातीचे असते आणि उत्तरही त्याच जातीचे येते.

नियम असा: फलाला इच्छेने गुणा आणि प्रमाणाने भागा.

120 × 2000 ÷ 750 = 320 रुपये.

इथे दोन किलोचे 2000 ग्रॅम केले, ते महत्त्वाचे. तसेच 2 ठेवले असते, तर दोन किलो डाळ 32 पैशांना मिळाली असती! ‘एकाच जातीच्या’ ही अट अशी चूक आधीच अडवते.

‘लीलावती’तले केशर

भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या ‘लीलावती’त त्रैराशिकाला मानाचे स्थान आहे. विष्णूने जसे जग व्यापले आहे, तसे त्रैराशिकाने गणित व्यापले आहे, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आहे. त्यांचे एक उदाहरण केशराचे. अडीच पळे केशर 3/7 निष्काला मिळते, तर 9 निष्कांना किती मिळेल? (पळ हे जुने वजन, निष्क हे जुने नाणे.)

इथे पैसे दिले आहेत आणि वस्तू विचारली आहे. म्हणून 3/7 निष्क हे प्रमाण, अडीच पळे हे फल आणि 9 निष्क ही इच्छा. अडीच गुणिले नऊ म्हणजे साडेबावीस. त्याला 3/7 ने भागले की साडेबावन्न पळे. वस्तू विचारा किंवा किंमत विचारा, नियम बदलत नाही. जे विचारले आहे, त्याच्या जातीची राशी फल होते.

एकमान पद्धत

शाळेत शिकवतात ती एकमान पद्धत म्हणजे याच हिशेबाची दुसरी वाट: आधी एका मानाची किंमत काढायची, मग हवी तितकी करायची. मात्र ते ‘एक’ किलोच असले पाहिजे असे नाही. पाऊण किलो म्हणजे तीन पाव. 120 रुपयांत तीन पाव, तर एक पाव 40 रुपयांना. दोन किलोत आठ पाव, म्हणून 320 रुपये. कागदही लागला नाही. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत, ते अशाच तोंडी हिशेबांसाठी कामी येत.

एक वाढले की दुसरे घटते

सगळीच गणिते अशी सरळ जात नाहीत. सहलीची बस ठरावीक रकमेला ठरली आहे. 24 जण आले तर प्रत्येकी 350 रुपये पडतात. 30 जण आले तर? सरळ त्रैराशिक मांडले तर 437.50 रुपये येतात. माणसे वाढली आणि वाटा वाढला, हे कसे होईल?

हे व्यस्त त्रैराशिक. इथे प्रमाण आणि फल यांचा गुणाकार करून इच्छेने भागायचे: 24 × 350 ÷ 30 = 280 रुपये. बसचे एकूण भाडे 8400 रुपये कायम आहे, हे ध्यानात आले की नियम आपोआप सुचतो.

जिथे त्रैराशिक लागू होत नाही

मुंबईत रिक्षाच्या पहिल्या दीड किलोमीटरला किमान भाडे असते, पुढे किलोमीटरप्रमाणे. म्हणून पाऊण किलोमीटरच्या भाड्याची दुप्पट म्हणजे दीड किलोमीटरचे भाडे नव्हे; दोन्हींना तेच किमान भाडे पडते. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, शिवाय स्थिर आकार वेगळा. 100 युनिटच्या बिलाची तिप्पट केली तर 300 युनिटचे बिल मिळत नाही. म्हणून पेन हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारावा: माप दुप्पट झाले तर किंमत नेमकी दुप्पट होईल का? उत्तर ‘हो’ असेल तरच सरळ त्रैराशिक.

पाकिटावरचा बारीक आकडा

बंद पाकिटांवर एककाचा दर छापण्याची तरतूद 2021 साली नियमांत आली. किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर हा दर ग्रॅमला असतो, जास्त वजनाच्या पाकिटावर किलोला. समजा, पोह्यांचे अर्धा किलोचे पाकीट 35 रुपयांना आहे. त्यावर ग्रॅमला 7 पैसे छापलेले असेल. दोन किलोचे 150 रुपयांना. त्यावर किलोला 75 रुपये. हे दोन आकडे नुसते शेजारी ठेवून काही कळत नाही. 7 पैशांना 1000 ने गुणले की 70 रुपये किलो येतात, आणि छोटे पाकीटच स्वस्त ठरते.

दोन्ही राशी एका जातीत आणल्या, तेव्हाच तुलना झाली. ब्रह्मगुप्ताने घातलेली अट आजही पिशवीतले पैसे वाचवते. म्हणून मुलांना सूत्र पाठ करायला सांगण्याआधी प्रत्येक आकड्याखाली त्याचे नाव आणि माप लिहायला शिकवू या. तेवढे नीट लिहिले की पुढे फक्त गुणाकार-भागाकार उरतो.