विम्बल्डनची पहिली फेरी

पालीच्या कातळावर मी कबड्डी खेळत वाढले. टेनिसची रॅकेट कधी हाती धरली नाही. तरीही विम्बल्डनच्या महिला एकेरीविषयी लिहावेसे वाटले, त्याला कारण घडले. यंदा आमचा मुलींचा संघ पहिला सामना जिंकून दुसऱ्यात हरला. "एका सामन्यासाठी एवढी धावपळ?" गावातल्या एका गृहस्थांनी विचारले. तेव्हा मला उत्तर सुचले नाही.

विम्बल्डनची महिला एकेरी १८८४ साली सुरू झाली, तेव्हा स्पर्धक होत्या अवघ्या १३. आता १२८ असतात. हरली ती बाद, हा नियम. प्रत्येक फेरीत संख्या निम्मी होते आणि सातव्या फेरीत, म्हणजे अंतिम सामन्यात, दोघीच उरतात. विजेती एक, बाकीच्या १२७ जणी केव्हातरी हरतातच. त्यांपैकी ६४ जणी तर पहिल्याच फेरीत परततात.

१९३४ साली लीला राव यांनी ही पहिली फेरी जिंकली. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या मातोश्री, संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव, याही टेनिसपटू होत्या. लीलाबाई दुसऱ्या फेरीत हरल्या. परंतु २००५ साली सानिया मिर्झा हिने तेथे पहिली फेरी जिंकली, तेव्हा ७१ वर्षांपूर्वीच्या त्या एका विजयाचीच आठवण निघाली!

त्या गृहस्थांना आता मी सांगेन, "काका, पहिला सामना जिंकला म्हणजे निम्मी स्पर्धा मागे टाकली. दुसऱ्याचे पुढच्या वर्षी पाहू."