गाडीला ताप येतो तेव्हा

मुलांनो, आपल्या बंदरावर होडीचं इंजिन सुरू झालं की नळीतून पाण्याची धार पडू लागते, ती तुम्ही पाहिली असेल. तांडेल आधी त्या धारेकडे बघतो. धार पडत नाही म्हणजे इंजिन तापणार! समुद्राचं पाणी आत ओढून, इंजिनाची उष्णता घेऊन ते बाहेर टाकलेलं असतं.

मोटारीला समुद्र कुठला? तिला तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं. ते निवावं म्हणून जाळीदार रेडिएटर आणि पंखा असतो. काही इंजिनांना पाणी लागतच नाही, वाऱ्यावर निवतात. मोटारसायकलच्या इंजिनाच्या कडांना पापडासारख्या पट्ट्या असतात ना, त्या त्यासाठीच.

घाटावर इचलकरंजीला शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतः बनवली. पहिली गाडी 1949 सालची. पुढे त्यांनी सुधारत सुधारत आणखी नमुने केले. आधी हवेवर निवणारं इंजिन होतं, 1970 च्या गाडीला पाण्यावर निवणारं बसवलं. मीरा कारखान्यातून बाजारात कधी आली नाही. यायला हवी होती, असं आम्हांला वाटतं.

नमुन्याची गाडी म्हणजे एकुलती एक. ती फार तापली तर पिस्टन आवळून बसतो, इंजिनाचं हेड वाकतं आणि वर्षांची मेहनत वाया जाते. म्हणून तिची चाचणी घेतात. पाणी इंजिनातून निघताना किती तापलं आणि रेडिएटरमधून परतताना किती निवलं, हे मोजायचं. ओझं भरून गाडी चढावर हळू चालवायची, कारण तेव्हा इंजिनाला काम जास्त आणि वारा कमी. अणुस्कुरा घाटासारखी जागा त्याला उत्तम! मग गाडी थांबवून इंजिन बंद करायचं आणि तरीही मोजत राहायचं. गंमत अशी, की बंद केल्यावर पारा थोडा वेळ वरच चढतो. पाणी फिरायचं थांबतं, पण लोखंड तापलेलंच असतं. जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. चुलीवरच्या भांड्याला पांढरा थर बसतो तसा क्षार इंजिनाच्या आतल्या वाटांत बसून त्या बुजतात.

रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरच. आत दाब असतो, त्यामुळे पाणी 100 अंशांवरही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं की दाब जातो आणि उकळतं पाणी अंगावर उडतं. ड्रायव्हरकाकांना मदत करायला कुणी पुढे धावू नका. इंजिन पुरतं निवल्यावर मोठी माणसं उघडतील.

थंड मुलखात हेच गरम पाणी आतल्या लहान रेडिएटरमधून फिरवून माणसांना ऊब देतात. तो हिटर. नाट्यात त्याचं काय काम, असं म्हणाल. पण घाटात काटा लालकडे जाऊ लागला, तर जाणता ड्रायव्हर भर उन्हात हिटर पूर्ण सोडतो! आतले घामाघूम होतात, पण इंजिनाची तेवढी उष्णता कमी होते.

आणि सकाळी गार इंजिन लवकर तापावं म्हणून थर्मोस्टॅट नावाची मेणाची झडप असते. मेण वितळून फुगलं की ती उघडते, मग पाणी रेडिएटरकडे जातं. मेकॅनिक ती तपासतो कशी? पातेल्यात पाणी घेऊन ती दोऱ्याने आत टांगतो, शेजारी तापमापक धरतो आणि स्टोव्ह पेटवतो. साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान झडप हळूच उघडताना दिसते. नाही उघडली, तर ती बदलायची.