अल्कलाईन फॉस्फेटेज : यकृताचे की अस्थींचे?

बिलिरुबीन प्राकृत, परंतु अल्कलाईन फॉस्फेटेज वाढलेले, असे अहवाल घेऊन रुग्ण चिकित्सालयात येतात, औषधी दुकानांतही येतात. हा आकडा यकृताच्या तपासण्यांत छापला जात असल्याने लगेच आरोग्यवर्धिनी सुरू होते. ही घाई आम्हांस अनुचित वाटते. तिचे कारण या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, स्वभावातच आहे.

पाण्याच्या साहाय्याने संयुगातील फॉस्फेट विलग करणे हे सर्व फॉस्फेटेजांचे कार्य. यकृतातील ग्लुकोज-६-फॉस्फेटेज मुख्यतः एकाच द्रव्यावर कार्य करून उपवासात रक्ताला शर्करा पुरविते. अल्कलाईन फॉस्फेटेज मात्र इतके निवडक नाही. अस्थींमध्ये ते पायरोफॉस्फेटचे विघटन करते. पायरोफॉस्फेट हा खनिज साठण्यातील अडथळा. तो दूर झाला म्हणजे अस्थी कठीण होते. हेच विकर जीवनसत्त्व ब-६ च्या फॉस्फेटावरही कार्य करते. जन्मतः ते दुर्बल असलेल्या बालकांची हाडे मृदू राहतात.

प्रयोगशाळेत यांपैकी एकही द्रव्य वापरीत नाहीत. तेथे पॅरा-नायट्रोफिनाईल फॉस्फेट हे कृत्रिम द्रव्य रक्तरसात मिसळतात आणि पिवळा रंग किती वेगाने चढतो ते मोजतात. यकृत, अस्थी, आंत्र वा अपरा, कोणाचेही विकर त्यावर कार्य करते. यकृत व अस्थी यांची विकरे तर एकाच जनुकापासून बनतात. भेद केवळ जोडलेल्या शर्करांचा. मग केवळ आकड्यावरून अवयव कसा ओळखावा?

यासाठी गॅमा जीटी पाहावे. तेही वाढलेले असल्यास यकृत-पित्तमार्गाकडे, प्राकृत असल्यास बहुधा अस्थींकडे लक्ष द्यावे. वाढत्या वयात व गर्भिणीच्या अखेरच्या तीन महिन्यांत ही वाढ स्वाभाविकच असते.

आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट आहे. यवतमाळ, चंद्रपूर, तसेच नागपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आढळते आणि अस्थिगत फ्लोरोसिसमध्येही हे विकर वाढू शकते. कंबर व मान आखडलेल्या अशा रुग्णास बोअरचे पाणी तपासून घेण्यास सांगावे. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, पर्यायी स्रोत नसल्यास १.५. पाणी तेच ठेवून कल्प बदलीत राहण्यात अर्थ नाही.

जाता जाता एक सूचना. आकडा अनपेक्षितपणे फार कमी आल्यास रक्त कोणत्या नळीत घेतले ते विचारावे. ईडीटीए असलेल्या नळीत या विकरास आवश्यक असे जस्त व मॅग्नेशियम बांधले जातात आणि आकडा खोटा खाली येतो.