‘नॉट’ आलं तरी ‘ऑफ’ सोडू नका : इंग्रजी फ्रेजल व्हर्ब आणि नकार

‘द इंटरव्ह्यू हॅझन्ट बीन कॉल्ड ऑफ’ असा मेसेज मोबाईलवर आला, तर मुलाखतीला जायचं की नाही? जायचं. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणं. त्याच्या आधी नकार आहे, म्हणजे मुलाखत रद्द झालेली नाही. पण घाईत ‘हॅझन्ट’ आणि ‘कॉल्ड’ एवढंच डोळ्यांत भरलं, तर ‘बोलावलेलं नाही’ असा अर्थ लावून उमेदवार घरीच बसेल.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी माध्यमात शिकलेली मुलं पुणे, गोवा, बंगळूरला नोकरीसाठी अर्ज करतात, तेव्हा कंपनीचे ईमेल बहुतेक वेळा इंग्रजीतच येतात. परीक्षेत अशी चूक झाली तर एक मार्क जातो, इथे संधी जाते. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे काय?

साध्या क्रियापदाला अप, ऑफ, आउट, डाउन, इन असा छोटा शब्द जोडला की बऱ्याचदा अर्थच बदलतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणं, ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं, हार मानणं. ‘टर्न’ म्हणजे वळणं, ‘टर्न डाउन’ म्हणजे नाकारणं. ‘पुट’ म्हणजे ठेवणं, ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं. खरा अर्थ त्या छोट्या शब्दामुळे ठरतो.

आपली सवय कुठे आड येते?

मराठीत आपण म्हणतो, ‘मी फॉर्म भरून टाकला’. याचा नकार काय? ‘मी फॉर्म भरला नाही’. ‘भरून टाकला नाही’ असं सहसा कुणी बोलत नाही. ‘तो झोपून गेला’ याचा नकार ‘तो झोपला नाही’. नकार आला की मराठी मागचं ‘टाकणं’, ‘जाणं’ गाळून टाकते. हिंदीतही ‘भर दिया’चं ‘नहीं भरा’ होतं, त्यामुळे इंदूर, ग्वाल्हेरच्या मराठी माणसालाही हीच सवय असते. आपलं त्यात बिघडत नाही, कारण मुख्य अर्थ ‘भरणं’, ‘झोपणं’ यातच असतो.

इंग्रजीत मात्र छोटा शब्द गाळला की वाक्य दुसरंच काही सांगतं. ‘शी डिडन्ट गिव्ह अप’ म्हणजे तिनं हार मानली नाही. ‘शी डिडन्ट गिव्ह’ म्हणजे तिनं दिलं नाही. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

दुसरी अडचण नकाराच्या जागेची. मराठीत ‘नाही’ शेवटी येतं, कन्नडमध्ये ‘इल्ल’ही शेवटी. हिंदीतलं ‘नहीं’ क्रियापदाच्या आधी असलं तरी वाक्याच्या उत्तरार्धातच असतं. इंग्रजीत नकार कर्त्याच्या पाठोपाठ येऊन जातो आणि अर्थ बदलणारा छोटा शब्द पुष्कळदा शेवटी असतो. आपण वाक्याच्या शेवटी ‘नाही’ची वाट बघतो, तोवर ‘डिडन्ट’ कानावरून निघून गेलेलं असतं.

तीन गोष्टी पाठ करा

पहिली : नकार मदतीच्या क्रियापदाला लागतो. डू, डझ, डिड, हॅव, विल, कॅन ही ती क्रियापदं. ‘डिड’ आलं की मुख्य क्रियापद मूळ रूपात जातं. ‘द मशीन ब्रोक डाउन’ याचा नकार ‘द मशीन डिडन्ट ब्रेक डाउन’. ‘डिडन्ट ब्रोक डाउन’ चूक.

दुसरी : छोटा शब्द जागेवर राहतो. ‘आय फिल्ड इन द फॉर्म’चं ‘आय डिडन्ट फिल इन द फॉर्म’ होतं. ‘इन’ला नकाराशी काही देणंघेणं नाही.

तिसरी : ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ अशी सर्वनामं पुष्कळ फ्रेजल व्हर्बमध्ये मधोमध बसतात. ‘डोन्ट टर्न ऑफ द मशीन’ आणि ‘डोन्ट टर्न द मशीन ऑफ’ दोन्ही बरोबर. पण ‘इट’ वापरलं तर ‘डोन्ट टर्न इट ऑफ’ एवढंच बरोबर. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये मशीनजवळ उभ्या असलेल्या कामगारानं हे वाक्य शेवटपर्यंत ऐकायला हवं, कारण शेवटी ‘ऑफ’ आहे की ‘ऑन’, यावर सगळं अवलंबून आहे. ‘लुक आफ्टर’सारखी काही क्रियापदं मात्र तुटत नाहीत. तिथे ‘ही डिडन्ट लुक आफ्टर इट’ असंच म्हणायचं.

नकाराचा नकार

टर्न डाउन, कॉल ऑफ, रूल आउट यांच्या अर्थातच नकार दडलेला आहे. त्यांना ‘नॉट’ लागलं की आतला नकार पुसला जातो, पण म्हणून होकार मिळाला असं नव्हे. बँकेनं ‘युवर रिक्वेस्ट हॅझन्ट बीन टर्न्ड डाउन’ असं कळवलं, तर कर्ज नाकारलेलं नाही एवढंच कळतं. मंजूर झालं असं धरून कुणाला शब्द देऊ नये.

हा प्रकार आपल्याला नवा नाही. बातमीत ‘घातपाताची शक्यता नाकारता येत नाही’ असं वाचतो, तेव्हा घातपात झालाच असं आपण समजत नाही. इंग्रजीतलं ‘कान्ट रूल आउट’ ते हेच.

व्यवहारात भेटणारी रूपं

काही रूपं नकारातच जास्त ऐकू येतात. ‘द फिगर्स डोन्ट ॲड अप’ म्हणजे आकड्यांचा मेळ बसत नाही. पोलीस तपासात ‘हिज स्टोरी डझन्ट ॲड अप’ म्हटलं, तर त्याच्या सांगण्यात काहीतरी काळंबेरं आहे. ‘आय कान्ट पुट अप विथ धिस’ म्हणजे हे आता सहन होत नाही. ‘इट डिडन्ट वर्क आउट’ म्हणजे जमलं नाही. स्थळ असो वा भागीदारी, दोन्हीकडे चालतं.

‘येस’ म्हणायचं की ‘नो’?

सर्वात जास्त गोंधळ फोनवर होतो. कस्टमर केअरवाला विचारतो, ‘डिडन्ट द पेमेंट गो थ्रू?’ म्हणजे पेमेंट झालं नाही का? आपण मराठीत सहज म्हणतो, ‘हो, नाही झालं’. आपला ‘हो’ समोरच्याच्या बोलण्याला असतो. इंग्रजीत उत्तर घडलेल्या गोष्टीला द्यायचं असतं. झालं असेल तर ‘येस, इट डिड’ आणि झालं नसेल तर ‘नो, इट डिडन्ट’. पैसे अडकलेले असताना नुसतं ‘येस’ म्हटलं, तर समोरचा तक्रार मिटली असं समजू शकतो. ‘येस’, ‘नो’वर न थांबता पुढचे दोन शब्दही बोलावेत.

सरावासाठी एक सोपा उपाय आहे. नकारार्थी वाक्य समोर आलं की नकार क्षणभर बाजूला ठेवा, उरलेल्या क्रियापदाचा छोट्या शब्दासकट अर्थ लावा आणि मग नकार जोडा. ‘डोन्ट पुट ऑफ द रिन्युअल’ यात आधी ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं, मग ‘डोन्ट’ म्हणजे नको. अर्थ झाला : नूतनीकरण पुढे ढकलू नका. मुलांकडून रोज अशी पाच वाक्यं करून घेतली, तर शिकवणीशिवायही हे अंगवळणी पडतं.