माश्यांपासून घोड्यांचे रक्षण आणि इंदूरची खतपद्धती

माळव्याच्या इतिहासात घोड्याचे स्थान मोठे आहे. मल्हारराव होळकरांची सत्ता उभी राहिली ती घोडदळाच्या बळावर. पागा, मोतद्दार, खरारा, तोबरा, अगाडी-पिछाडी हे शब्द त्या काळी मराठी घराघरांत रुळलेले होते. आज घोडदळ राहिले नाही. तरी लग्नाच्या वरातीसाठी घोडी पाळणारी कुटुंबे, माथेरानसारख्या ठिकाणी घोड्यावर उपजीविका करणारे व्यावसायिक आणि सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांची खरेदी-विक्री करणारे पशुपालक आजही आहेत. अशा कुटुंबात बहुधा एक किंवा दोनच जनावरे असतात. त्यांतले एक आजारी पडले तर घरातील मिळकतच थांबते. म्हणून उन्हाळा व पावसाळ्यात घोड्याला छळणाऱ्या माश्यांकडे केवळ एक कटकट म्हणून पाहणे योग्य नव्हे.

माश्यांचे प्रकार

घोड्याभोवती दिसणाऱ्या सर्व माश्या सारख्या नसतात. त्यांच्या सवयी निराळ्या असल्याने उपायही निराळे योजावे लागतात.

घरमाशी चावत नाही. ती डोळ्यांतील पाणी, नाकातील स्राव व जखमा यांवर बसते आणि एका जनावराच्या डोळ्यांचा संसर्ग दुसऱ्याकडे नेते. घोड्याच्या जठरातील एका जंताची अळीही ती वाहून नेते. ही अळी जखमेत शिरली की उन्हाळ्यात चिघळत राहणारे व लवकर न भरणारे व्रण होतात.

तबेल्यातील चावरी माशी दिसायला घरमाशीसारखीच असते. परंतु तिच्या डोक्यापुढे सुईसारखी टोकदार सोंड असते. नर व मादी दोघेही रक्त पितात. ती मुख्यत्वे पायांवर बसते. घोडा सारखा पाय आपटू लागला तर या माशीचा संशय घ्यावा. मूत्राने भिजलेल्या, कुजक्या गवतात व लिदीत तिची पैदास होते.

घोडमाशी किंवा गोमाशी आकाराने मोठी असते. तिची फक्त मादी रक्त पिते. ती त्वचा कापून रक्त काढते, त्यामुळे दंश फार वेदनादायक होतो. भर उन्हात ती अधिक त्रास देते. तिच्या अळ्या तलाव, ओढे व नाले यांच्या काठच्या चिखलात वाढतात.

चिलटे अगदी बारीक असून सायंकाळी व पहाटे चावतात. काही घोड्यांना त्यांच्या दंशाचे वावडे असते. असा घोडा आयाळ व शेपटीचे मूळ घासून घासून रक्तबंबाळ करून घेतो.

सर्रा : खरा धोका

माश्यांमुळे होणाऱ्या रोगांपैकी आपल्याकडे सर्वांत घातक रोग म्हणजे सर्रा. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाला डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात या रोगाचे सूक्ष्म परजीवी आढळले. घोडमाशी हा रोग रोगी जनावराकडून निरोगी जनावराकडे नेते, हे लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ साली प्रयोगाने दाखविले. घोडमाशी एका जनावराचे रक्त पीत असताना हुसकली गेली, की सोंडेवरील ओल्या रक्तासह लगेच शेजारच्या जनावराला चावते. अशा रीतीने संसर्ग पोहोचतो.

या रोगात ताप येतो, उतरतो व पुन्हा येतो. खाणे चालू असूनही घोडा वाळत जातो. डोळ्यांच्या व हिरड्यांच्या आतील त्वचा फिकी पडते. पाय व पोटाखालचा भाग सुजतो. उपचार न झाल्यास घोडा बहुधा दगावतो. याउलट गाय, म्हैस व उंट यांच्या अंगी हा परजीवी बाहेरून काही न दिसता राहू शकतो. म्हणून घोड्याचे ठाण गोठ्यापासून शक्य तितके दूर असावे. वरील लक्षणे दिसताच घरगुती औषधांत दिवस न घालविता रक्ततपासणी करून घ्यावी. रोगाचे निदान वेळेवर झाल्यास औषध उपलब्ध आहे. मात्र त्याची मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावयाची असते.

माश्यांचे मूळ : लीद

एक घोडा दिवसाकाठी सुमारे १५ ते २० किलो लीद टाकतो. उष्ण हवेत घरमाशीच्या अंड्यापासून पूर्ण माशी होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे आज ठाणाशेजारी टाकलेला ढीग पुढच्या आठवड्यात माश्यांचे आगर बनतो. उडणाऱ्या माश्या मारीत बसण्यापेक्षा त्यांची पैदास रोखणे हा स्वस्त व टिकाऊ उपाय होय.

याच ठिकाणी इंदूरचे नाव पुढे येते. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर इंदूर येथे वनस्पती-उद्योग संस्था सुरू झाली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा व जनावरांचे मलमूत्र यांपासून उत्तम खत करण्याची पद्धती सिद्ध केली. तिचे विवेचन करणारा त्या दोघांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि ती 'इंदूर पद्धती' या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली.

या पद्धतीचा हेतू खताचा होता. परंतु तिच्यातून माश्यांचाही बंदोबस्त होतो. नीट रचलेला ढीग आतून ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत तापतो. एवढ्या उष्णतेत माश्यांच्या अंडी-अळ्या तगत नाहीत. लिदीतील जंतांची अंडीही नष्ट होतात.

ढिगाची रचना अशी करावी. तळाशी पाला, काड्या व वाळलेले गवत यांचा १० ते १५ सेंटिमीटरचा थर द्यावा. त्यावर लीद व मूत्राने भिजलेली माती पसरावी, थोडी राख टाकावी व पाणी शिंपडावे. असे थर एकावर एक रचावेत. उन्हाळ्यात सुमारे ६० सेंटिमीटर खोल खड्डा चालतो. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून ढीग जमिनीच्या वर करावा. मूठभर मिश्रण दाबले असता हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये, इतकी ओल पुरे. मूळ पद्धतीत ढीग पंधरा दिवसांनी, पुन्हा पंधरा दिवसांनी व त्यानंतर एका महिन्याने वरखाली करतात. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ढिगाचा बाहेरील थर थंड राहतो आणि माशी तेथेच अंडी घालते. म्हणून माश्यांच्या दिवसांत पहिली पलटणी पाचव्या-सहाव्या दिवशीच करावी व बाहेरचा भाग आत घालावा, म्हणजे अळ्यांना माशी होण्यास अवधी मिळत नाही. ढिगावर माती किंवा तयार खताचा थर द्यावा.

घोड्याची दैनंदिन काळजी

घोडमाशी लिदीत वाढत नाही. तेव्हा केवळ स्वच्छतेने ती हटणार नाही. तिच्यासाठी व चिलटांसाठी पुढील काळजी घ्यावी.

१. भर उन्हाच्या वेळी घोडा छपराखाली बांधावा. घोडमाशी बंदिस्त, सावलीच्या जागी सहसा शिरत नाही. तलावाकाठी चारणे या वेळी टाळावे.

२. चिलटे दुबळी उडतात. सायंकाळी साधा विजेचा पंखा लावला तरी ती घोड्यावर टिकत नाहीत.

३. शेपूट व आयाळ कापू नये. माश्या वारण्याचे ते निसर्गदत्त साधन आहे. मोरकीला कपाळावर दोऱ्यांची झालर लावावी. झूल पातळ व फिकट रंगाची असावी. गडद रंगाकडे घोडमाशी आकर्षित होते.

४. रोज खरारा करावा. पुढच्या पायांच्या केसांवर पिवळसर बारीक अंडी चिकटलेली दिसल्यास ती बोथट पात्याने खरवडून काढावीत. घोडा ती चाटतो व त्यांतील अळ्या जठरात जाऊन महिनोन्महिने चिकटून राहतात.

५. जखम लहान असली तरी धुऊन, औषध लावून झाकावी.

६. कीटकनाशक पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे. गुरांच्या गोचिडांसाठी मिळणारे अमित्राझ घोड्याला कधीही लावू नये. त्याने आतड्यांची हालचाल मंदावून प्राणघातक पोटशूळ होऊ शकतो. रॉकेल, डिझेल किंवा गाडीचे जळके तेल अंगाला चोळणेही अपायकारक आहे. बंद तबेल्यात धूर केल्याने माश्यांपेक्षा घोड्याच्या फुप्फुसांनाच अधिक त्रास होतो.

गावाचे सहकार्य

माशी कुंपण मानीत नाही. एकाने ठाण स्वच्छ ठेवले आणि शेजारी उकिरडा उघडा राहिला तर श्रम वाया जातात. ग्रामपंचायतीने खताच्या ढिगांसाठी वस्तीपासून दूर जागा नेमून द्यावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एक सोपा प्रयोग दाखवावा : ताजी लीद दिवसभर उघडी ठेवून मग बरणीत घालावी व तोंडाला बारीक फडके बांधावे. आठवडा-दीड आठवड्यात अळी, कोष व माशी या अवस्था मुलांना डोळ्यांनी पाहता येतील. आजारी जनावराच्या मदतीसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक सर्वांना ठाऊक असावा.

लीद उघड्यावर राहिली तर माश्या देते. नीट रचली तर तीन महिन्यांत शेताला सोने देते. घोड्याचे आरोग्य आणि जमिनीचा कस ही दोन्ही कामे एकाच फावड्याने साधत असल्यास त्यात दिरंगाई करण्याचे कारण नाही.