दाभोसा: कड्याजवळचा कारवीचा निवारा

जव्हार तालुक्यात दाभोशाजवळ लेंडी नदी सुमारे ३०० फूट कड्यावरून डोहात झेपावते. भर पावसात तिचं रौद्र रूप लांबूनच पाहावं. पाऊस ओसरला की मुंबई-ठाण्याचे गिरिभ्रमण गट दोर घेऊन कड्यावरून उतरायला येतात. या भटक्यांनी रात्री टेकायचं कुठे?

स्वित्झर्लंडमध्ये १८६३ साली गिर्यारोहकांचा क्लब निघाला आणि त्याच वर्षी त्याने टोडी शिखराच्या अंगाला मुक्कामासाठी आपली पहिली झोपडी उभारली. मुंबईच्या 'गिरिविहार' या गिर्यारोहण क्लबची स्थापना १९५४ची. पण आपल्याकडे क्लबांच्या झोपड्यांची तशी साखळी कधी झाली नाही, कारण सह्याद्रीत निवारा आधीपासूनच होता. नाणेघाटात सातवाहनांचं लेणं, हरिश्चंद्रगडावर गुहा, राजगडावर पद्मावतीचं देऊळ. जिथे यातलं काहीच नाही, तिथे गावातली पडवी.

जव्हार-मोखाड्यातल्या वारली, कोकणा, महादेव कोळ्यांच्या पाड्यांवर ही पडवी अनेकदा कुडाच्या घराची असते. डोंगरउतारावरची कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते. तिच्या सरळ काठ्या शेजारीशेजारी उभ्या करायच्या, बांबूच्या कांबट्यांनी आवळायच्या आणि वरून शेणमातीने लिंपायच्या, की कुडाची भिंत तयार. घराचा भार लाकडी खांबांवर असतो, भिंतीवर नव्हे. म्हणून पावसाने एखादा कूड खराब झाला तर तेवढाच बदलता येतो. चुलीचा धूर छपरातून वाट काढत बाहेर पडतो आणि जाता जाता लाकूड-बांबूला किडीपासून राखतो. मुसळधार पावसाच्या मुलखात पिढ्यानपिढ्या पारखून घेतलेलं हे बांधकाम आहे. डोंगरातल्या निवाऱ्याकडून याहून अधिक काय हवं?

म्हणून दाभोशाला मुक्कामाची सोय वाढवायची तर सिमेंटच्या खोल्या नकोत, असं मला ठामपणे वाटतं. गटांनी पाड्यातल्या माणसांकडूनच कुडाची दोन-चार घरं बांधून घ्यावीत; देखभाल त्यांच्याकडे, भाडंही त्यांचंच. कड्यावर दोर पडण्याचा हंगाम आणि भातकापणी आटोपून इथली कुटुंबं वीटभट्ट्यांच्या वाटेला लागण्याचा हंगाम एकच. मुक्कामाचे, नागलीच्या भाकरीचे, वाट दाखवण्याचे पैसे त्याच दिवसांत पाड्यावर पोचले, तर काही जणांना तरी घर सोडावं लागणार नाही.