युरेनियमच्या घरातला पाहुणा

गेल्या रविवारी नातवाला घेऊन बोईसरहून तारापूरकडे निघालो होतो. अणुवीज केंद्राची पाटी दिसताच त्याने विचारले, "आजोबा, युरेनियम हिरवं चमकतं ना?" सिनेमाने करून दिलेली समजूत, दुसरे काय! मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले. त्याला म्हटले, "अरे, भट्टीतलं इंधन म्हणजे मडक्यासारख्या भाजलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या काळ्या गोळ्या!"

शुद्ध युरेनियम ११३२ अंशांना वितळते. त्याचे ऑक्साइड मात्र २८०० अंशांच्या पुढेही टिकते. म्हणून इंधन ऑक्साइडचे. घरी आल्यावर त्याच्यापुढे बुद्धिबळाचा पट मांडला. या स्फटिकाची रचना अशीच, फक्त तिन्ही दिशांना पसरलेली. प्रत्येक चौकोनी घराच्या आठ कोपऱ्यांवर ऑक्सिजन. एका घरात युरेनियम, शेजारचे घर रिकामे.

प्लुटोनियमच्या ऑक्साइडची ठेवणही हीच आणि अणूंचा आकारही जवळजवळ तेवढाच. त्यामुळे युरेनियमच्या जागी प्लुटोनियम बसले तरी घर मोडत नाही. हेच मिश्र ऑक्साइड. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर तारापूरला इंधन पुरवायला अमेरिका खळखळ करू लागली, तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी हा पर्याय हाती घेतला. वापरलेल्या इंधनातून काढलेले प्लुटोनियम मिसळून केलेले इंधन १९९४ मध्ये तारापूरच्या भट्टीत चाचणीसाठी गेले.

पण या घराची एक खोड आहे. तापलेल्या गोळ्यांना हवा लागली, की त्या आणखी ऑक्सिजन ओढून घेतात, सुमारे एक तृतीयांशाने फुगतात आणि त्यांचा भुगा होतो. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात युरेनियम विरघळून वाहूही लागते.

"मग ते ठेवायचं कुठे?" नातवाने विचारले. प्रश्न मोठा होता, कारण प्लुटोनियम निम्मे व्हायलाच २४,००० वर्षे लागतात. मी त्याला आफ्रिकेतल्या गॅबॉन देशातले ओक्लो सांगितले. तिथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली निसर्गाचीच अणुभट्टी पेटली होती. १९७२ मध्ये ते उघडकीस आले. तिथे तयार झालेले प्लुटोनियम युरेनियम ऑक्साइडच्या खनिजातच अडकून राहिले आणि जागच्या जागी झिजून संपले.

"म्हणजे हवा-पाणी लागू द्यायचं नाही, एवढंच ना?" तो म्हणाला.

एवढेच, बाळा. फक्त चोवीस हजार वर्षे, आणि त्याहूनही पुढे. आजच्या दिव्याखाली बसलेल्या आपण सर्वांनी त्या राखणदारीचा विचार आजच करायला हवा.